धातूंच्या विषापासून मूत्रपिंडाचे रक्षण : वनौषधी कितपत उपयोगी?

काटोल-नरखेडपासून वरुड-मोर्शीपर्यंतच्या संत्र्याच्या मुलखात पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर झाडांच्या बुंध्यांस मोरचूद व चुन्याचा लेप देण्याची चाल आता सर्वत्र रूढ झाली आहे. डिंक्या रोगाचा बंदोबस्त करावयाचा तर हा उपाय चांगला आहे, व नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थाही तोच सांगते. परंतु ज्या घराच्या पडवीत मोरचुदाची थैली असते, त्याच घरात फळीवर हळदीचा डबा, आवळकाठी, गोखरूचे चूर्ण व एखादी ‘मूत्रपिंड शुद्ध करणाऱ्या अर्का’ची बाटलीही असते. धातूंच्या विषाने मूत्रपिंडे बिघडतात, आणि अमुक वनस्पतीचा अर्क घेतला असता ती बिघडत नाहीत, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे, असा मजकूर अशा बाटल्यांवर वारंवार आढळतो. त्यात खरे किती, अतिशयोक्ती किती, आणि ज्याच्या शेतात धातू पडतात व ज्याच्याच शेतात औषधीही पिकतात अशा शेतकऱ्याने त्यापासून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

प्रथम मूत्रपिंडाचे काम समजून घेतले पाहिजे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. परंतु मूत्र होते ते दीड-दोन लिटरच. बाकीचे सर्व पाणी, मीठ, साखर व इतर उपयुक्त द्रव्ये गाळणीच्या पुढील नळीतील पेशी परत रक्तात घेतात. खजिन्यात आलेली प्रत्येक रक्कम मोजून, खरी-खोटी पारखून, ज्याची त्यास परत करणाऱ्या कारकुनासारखे हे काम आहे, आणि ते रात्रंदिवस चालते. या श्रमास शक्ती पुष्कळ लागते. म्हणून या पेशींत प्राणवायू जाळून शक्ती उत्पन्न करणाऱ्या सूक्ष्म भट्ट्या दाटीने भरलेल्या असतात. रक्ताबरोबर एखादा विषारी धातू आला तर तोही याच पेशींच्या हाती पडतो, व उपयुक्त वस्तू समजून त्या त्यास आत घेतात. मूत्रपिंडालाच धातूंचा उपद्रव विशेष का होतो, याचे उत्तर यातच आहे.

आत गेल्यावर धातू करतो काय? पेशीतील भट्टीतून प्राणवायूचे काही उच्छृंखल कण नेहमीच बाहेर पडत असतात. लोखंडास जसा गंज चढतो, त्याच जातीची क्रिया हे कण पेशीच्या स्निग्ध आवरणावर व तिच्या आतील द्रव्यांवर करतात. निरोगी पेशीत त्यांस निष्प्रभ करणारी द्रव्ये असतात. त्यांपैकी गंधकयुक्त ग्लुटाथायोन हे मुख्य होय. तांबे व लोह हे धातू या गंजाच्या क्रियेस स्वतः चेतवतात. शिसे, पारा व कॅडमियम यांची रीत निराळी आहे. ते गंधकास चिकटतात, त्यामुळे ग्लुटाथायोन त्यांच्यातच खर्ची पडते, आणि पहारेकरी नाहीसा झाल्यावर घरात जे व्हावयाचे ते होते. कॅडमियमाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शरीर त्यास मेटॅलोथायोनीन नावाच्या गंधकयुक्त प्रथिनात बांधून मूत्रपिंडातच साठवून ठेवते. आणि साठलेल्यापैकी निम्मे बाहेर पडण्यास १० ते ३० वर्षे लागतात. सातबाऱ्यावर चढलेला बोजा जसा पिढी उलटली तरी उतरत नाही, तसा हा प्रकार आहे.

हे भय कल्पित नाही. जपानात तोयामा प्रांतात जिंत्सू नदीच्या काठी कामिओका येथील खाणीतून आलेले कॅडमियम नदीच्या पाण्यावाटे भाताच्या खाचरांत उतरले व भातातून माणसांच्या पोटात गेले. मूत्रपिंडांतील नळ्या बिघडून चुना व स्फुरद मूत्रावाटे वाहून गेले, हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकल्याने बरगडी मोडावी. आणि रोगी वेदनेने ‘इताई, इताई’ म्हणून विव्हळत, म्हणून रोगासही तेच नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने या रोगाचे कारण कॅडमियम असल्याचे अधिकृतपणे मान्य केले. रोग्यांत बहुतेक भरणा अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रियांचा होता, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिजकडे आम्हांस पुढे परत यावयाचे आहे.

आपल्या प्रांतात हे धातू शेतकऱ्यापर्यंत कोणत्या वाटांनी येतात? कॅडमियम हे स्फुरदयुक्त खतांच्या मूळ दगडातच थोडेबहुत असते; काही देशांच्या दगडात अधिक, काहींच्या दगडात कमी. युरोपीय संघाने १६ जुलै २०२२ पासून अशा खतांस दर किलो स्फुरदामागे (पी-२ ओ-५ या हिशेबाने) ६० मिलिग्रॅम कॅडमियमची कमाल मर्यादा घातली आहे. शहरातील कचऱ्याच्या खतास आपल्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने दर किलोस कॅडमियम ५ व शिसे १०० मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरवून दिली आहे. तेव्हा असे खत घेणाऱ्याने पृथक्करणाचा दाखला मागण्यास संकोच करू नये. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेत शिसे, पारा, कॅडमियम व सोमल यांचे अंश असतात. २०२२ च्या जुलै महिन्यात कोराडीजवळ खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटून राखेचा गाळ भोवतालच्या शेतांत व नाल्यांत पसरला, हे नागपूरकरांस सांगावयास नको. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून पुढे कन्हानेस मिळते. अशा पाण्यावर पालक, मेथी, चवळी इत्यादी पालेभाज्या पिकविल्यास त्या फळभाज्यांपेक्षा अधिक धातू शोषून घेतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. शिसे मुख्यतः जुन्या रंगातून, फुटक्या विद्युत्‌घटांतून व भेसळीतून येते; त्याविषयी पुढे सांगू.

आता मोरचुदाकडे वळू. मोरचुदाचा पाव हिस्सा तांबे असते. एकरी दरसाल ४ किलो मोरचूद वापरले असे धरले तर जमिनीवर सुमारे १ किलो तांबे पडते. एक एकर जमिनीच्या वरच्या अर्ध्या फुटाच्या थराचे वजन सुमारे ९ लक्ष किलो धरावे. म्हणजे दर किलो मातीत वर्षाला १ मिलिग्रॅमहून किंचित अधिक तांब्याची भर पडते, व ३० वर्षांत ती ३०-३५ मिलिग्रॅम होते. तांबे पाण्याबरोबर खाली जात नाही, वरच्या थरातच राहते. आपल्या काळ्या चुनखडीच्या जमिनीचा येथे उपकार आहे. कारण अशा जमिनीत तांबे व कॅडमियम हे दोन्ही धातू घट्ट बांधले जातात व पिकात कमी उतरतात. हलक्या, आम्ल जमिनीत तसे होत नाही. संत्र्याच्या फळात मोरचुदाचे तांबे उतरून खाणारा आजारी पडेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. भीती आहे ती फवारणी करणाऱ्या माणसास, कालवलेले द्रावण ठेवलेल्या भांड्यास, आणि बागेत चरणाऱ्या मेंढीस.

मेंढीचे उदाहरण आम्ही मुद्दाम विस्ताराने देतो, कारण धातू, गंज व मूत्रपिंड या तिघांचा संबंध यापेक्षा स्पष्टपणे कोठेच दिसत नाही. गाय-म्हैस व शेळी यांच्या मानाने मेंढीस तांबे फार कमी सोसते. बागेतील फवारा पडलेले गवत किंवा गुरांसाठी तयार केलेले तांबेयुक्त खनिज मिश्रण तिच्या पोटात रोज थोडे थोडे जात राहिले, तर कित्येक आठवडे काहीच दिसत नाही. तांबे यकृतात साठत जाते, व मेंढी धडधाकट दिसते. पुढे एखादे दिवशी लांबची चाल, उपास किंवा पावसाची झड असे निमित्त होते, आणि साठलेले तांबे एकदम रक्तात सुटते. त्याच्या उपद्रवाने रक्तपेशी फुटतात, डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी तांबूस-काळी होते. फुटलेल्या रक्तपेशींतील लाल द्रव्य मूत्रपिंडाच्या नळ्यांत जाऊन बसते. मेलेली मेंढी चिरून पाहिली तर तिची मूत्रपिंडे बंदुकीच्या नळीसारखी काळी-निळी झालेली आढळतात. पशुवैद्य यावर मॉलिब्डेनम व गंधक यांचे क्षार देतात. पण एकदा लघवी काळी झाल्यावर कळपातील ते जनावर क्वचितच वाचते, उपचाराचा लाभ मुख्यतः मागे राहिलेल्यांस होतो. मनुष्याने मोरचूद गिळले असताही हाच क्रम काही तासांत घडतो : वांत्या, रक्तपेशींचा नाश, आणि नंतर मूत्र बंद होणे. पूर्वी आपल्या देशात अशा आत्मघाताची उदाहरणे पुष्कळ घडत. फ्रान्सात १८८५ च्या सुमारास मिलार्दे याने द्राक्षाच्या मळ्यांसाठी हे मिश्रण प्रचारात आणले, व पुढे १९६९ साली पोर्तुगालात द्राक्षमळ्यांत वर्षानुवर्षे ते फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांतील विकाराचे वर्णन तेथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. सारांश, फवारणाऱ्याने नाकातोंडास फडके बांधणे ही हौस नव्हे.

आता मुख्य प्रश्न. वनस्पतींचे अर्क या हानीपासून मूत्रपिंडाचे रक्षण करतात काय?

प्रयोगशाळेतील उत्तर ‘होय’ असेच आहे, आणि ते एका-दोघांचे नव्हे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या देशात, इजिप्तात, नायजेरियात, तुर्कस्तानात असे शेकडो प्रयोग झाले आहेत. त्यांची पद्धत बहुधा एकच असते. पांढऱ्या उंदरांचे गट पाडतात. एकास नुसते पाणी. दुसऱ्यास कॅडमियम, शिसे, पारा किंवा तांबे यांचा क्षार. तिसऱ्या-चौथ्यास तोच क्षार व त्याबरोबर वनस्पतीचा अर्क, लहान व मोठ्या मात्रेत. तीन-चार आठवड्यांनी रक्तातील युरिया व क्रिएटिनिन मोजतात, मूत्रपिंडातील ग्लुटाथायोन किती उरले, स्निग्धांश किती करपला हे पाहतात, आणि मूत्रपिंडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. नुसता धातू दिलेल्या उंदरांत नळ्यांच्या पेशी सुजलेल्या व गळालेल्या दिसतात. अर्क दिलेल्यांत ती नासाडी पुष्कळ कमी असते. हळदीतील कर्क्युमिन, आवळ्यातील तुरट द्रव्ये, शेवग्याचा पाला, लसूण, पुनर्नवा, गुळवेल व गोखरू, या सर्वांविषयी असे निष्कर्ष आले आहेत. कारणही बुद्धीस पटणारे आहे : यांतील कित्येक द्रव्ये त्या उच्छृंखल कणांस स्वतः शांत करतात, लसणीसारख्यांत गंधक असल्यामुळे ग्लुटाथायोनाची भरती होण्यास साहाय्य मिळते, आणि तुरट द्रव्ये आतड्यातच काही धातूंस बांधून ठेवतात. म्हणून हे सर्व थोतांड आहे असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही.

परंतु उंदराच्या प्रयोगातून माणसाच्या औषधात येताना तीन ठिकाणी अडखळावे लागते, आणि बाटलीवाले नेमकी तीच तीन ठिकाणे गाळून पुढे जातात.

पहिले ठिकाण मात्रेचे. अशा प्रयोगांत उंदरास वजनाच्या दर किलोमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम अर्क रोज देणे हे सामान्य प्रमाण आहे. उंदराची मात्रा माणसास लावताना ६.२ ने भागण्याचा प्रघात आहे. ४०० ला ६.२ ने भागले असता दर किलोस सुमारे ६५ मिलिग्रॅम येतात. ६० किलो वजनाच्या माणसास ते ३.९ ग्रॅम झाले. हा झाला अर्क. दहा भाग वाळलेल्या पाल्यातून एक भाग अर्क निघतो असे धरले तर रोज ३९ ग्रॅम, म्हणजे तीन तोळ्यांहून अधिक चूर्ण पोटात गेले पाहिजे. पुन्हा प्रयोगातील अर्क बहुधा मद्यार्कात काढलेला असतो; चुलीवर उकळलेल्या काढ्यात तीच द्रव्ये तितकीच उतरतात असे नाही. हळदीचे पाहू गेल्यास कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. आणि रोज दोन-तीन तोळे हळद खाऊ म्हटले तर तिच्यातील ऑक्झॅलेटमुळे मुतखड्यास आमंत्रण मिळते, म्हणजे ज्याचे रक्षण करावयाचे त्यावरच भार.

दुसरे ठिकाण वेळेचे. उंदरास अर्क दिला जातो तो बहुधा धातूच्या आधी किंवा त्याच्या बरोबर. पेशी करपण्यापूर्वी पहारेकरी उभा केला, म्हणून घर वाचले. शेतकऱ्याची गोष्ट उलट असते. त्याच्या शरीरात धातू वीस-तीस वर्षे कणाकणाने साठतो, मूत्रपिंडाचा निम्म्याहून अधिक भाग निकामी होईपर्यंत बहुधा काही जाणवत नाही, आणि पायास सूज आल्यावर अर्काची बाटली आणली जाते. मेलेल्या गाळणीच्या जागी नवी गाळणी उगवत नाही. ती उगविण्याचे सामर्थ्य कोणत्याही पाल्यात असल्याचे दिसून आलेले नाही.

तिसरे ठिकाण शब्दांचे. गोखरू मूत्रल आहे, हे आपल्या पूर्वजांस उत्तम ठाऊक होते; चरकसंहितेतील मूत्रविरेचनीय गणात श्वदंष्ट्रा या नावाने त्याची गणना आहे. परंतु लघवी अधिक होणे आणि मूत्रपिंड सुरक्षित असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘लघवी साफ झाली, म्हणजे विष निघून गेले’ ही समजूत चुकीची आहे. कॅडमियम बांधून ठेवलेले असते, ते लघवीच्या लोंढ्याने धुऊन निघत नाही. उलट दुबळ्या मूत्रपिंडाच्या माणसाने मूत्रल काढे रेटून घेतले तर शरीर शुष्क होऊन हानीच होण्याचा संभव अधिक.

एवढ्यावर विषय संपत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढेच आहे, तो हा की जी वनस्पती धातूपासून रक्षण करते म्हणतात, तिच्यावाटेच धातू पोटात जाऊ शकतो.

हळदीचेच पाहा. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. कर्क्युमिनाच्या अधिक प्रमाणासाठी ती नावाजलेली आहे. अशी हळद गाठीची घेऊन घरी कुटली तर प्रश्न नाही. परंतु बाजारात फिकट हळकुंडास पिवळी झळाळी आणण्यासाठी लेड क्रोमेट नावाचे शिशाचे पिवळे रंगद्रव्य चोळण्याची दुष्ट चाल आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारत, पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका येथील २३ शहरांतून हळदीचे नमुने घेण्यात आले; त्यांपैकी १४ टक्के नमुन्यांत दर ग्रॅमला २ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आढळले, व पाटण्याच्या एका नमुन्यात ते २,००० मायक्रोग्रॅमच्याही वर गेले. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे मर्यादा १० आहे. म्हणजे ज्या हळदीतील कर्क्युमिन उंदराच्या मूत्रपिंडास शिशापासून वाचविते, तीच हळद माणसाच्या मूत्रपिंडास शिसे पोचविते. उपाय नाही असे मात्र नाही. बांगलादेशात २०१९ साली या भेसळीचा बोभाटा झाल्यावर सरकारने बाजारपेठांत तपासणी व दंड सुरू केले. त्या वर्षी ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते, २०२१ साली एकातही सापडले नाही. एका पिकाच्या बाबतीत दोन वर्षांत हे घडून आले, हे आमच्या मते कोणत्याही अर्काच्या यशापेक्षा मोठे यश होय. हळद पिकविणाऱ्या आमच्या बंधूंनी झळाळीला भाव देणाऱ्या व्यापाऱ्याच्या नादी लागून आपल्या मालास रंग लावू देऊ नये, व घेणाऱ्यांनीही फार पिवळ्या हळकुंडाचा मोह धरू नये. बिनरंगी हळकुंडास मातकट छटा असते, व तीच खरी.

वनौषधींचेही तसेच. घेटुळी (पुनर्नवा) ही नाल्याच्या काठी, रस्त्याच्या कडेस, उकिरड्याजवळ आपोआप माजते, आणि गोळा करणारी माणसे ती तेथूनच उपटून विकतात. मुळी ज्या मातीत वाढली त्या मातीतील शिसे व कॅडमियम तिच्यात उतरणारच. १ जानेवारी २००६ पासून परदेशी पाठविल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांची धातूंसाठी तपासणी आपल्या सरकारने सक्तीची केली. मर्यादा दशलक्ष भागांत शिसे १०, सोमल ३, पारा १ व कॅडमियम ०.३. त्यास निमित्त झाले ते २००४ साली अमेरिकेत बोस्टन येथे झालेल्या तपासणीचे. तेथील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल सापडला होता. काही औषधांत धातू मुद्दाम घातलेला असतो, हेही सांगितले पाहिजे. रसशास्त्रात शिशास ‘नाग’ म्हणतात (आमच्या शहराच्या नावाशी त्याचा संबंध नाही), आणि नागभस्म, ताम्रभस्म ही नावे ज्याच्या डब्यावर असतील ते औषध केवळ झाडपाल्याचे नव्हे. ते वैद्याच्या सल्ल्याविना, विशेषतः मूत्रपिंडाच्या रोग्याने, मुळीच घेऊ नये.

नावाच्या गोंधळानेही अनर्थ होतात. पुनर्नवा म्हणून विषखापरा विकला जातो. दोन्ही जमिनीसरपट वाढतात, पण विषखापऱ्यात ऑक्झॅलेट पुष्कळ असते, व ते मूत्रपिंडास हितकर नाही. बेल्जममध्ये १९९३ साली उजेडात आलेली हकीकत तर अंगावर काटा आणणारी आहे. वजन कमी करण्यासाठी दिलेल्या चिनी गोळ्यांत एका मुळीच्या जागी चुकून ईश्वरीच्या जातीची मुळी पडली, आणि शंभरांहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची बिघडली. कित्येकींस पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडील ईश्वरी (सापसंद) हीही त्याच कुळातील आहे, आणि सर्पदंशावर म्हणून खेड्यांत अजून दिली जाते. ती पोटात घेऊ नये. ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत त्यांनी कमरखाचे फळही वर्ज्य करावे. त्याने उचकी, भ्रम व प्रसंगी मृत्यूही ओढवल्याची उदाहरणे आहेत. वनस्पतीचे आहे म्हणून निरुपद्रवी असणार, हा समज शेतकऱ्याच्या तरी ठिकाणी नसावा. धोतरा व कण्हेर त्याच्या धुऱ्यावरच उभे असतात.

मग रक्षणाचा मार्ग कोणता? येथे त्या जपानी स्त्रियांची आठवण आम्ही पुन्हा देतो. शरीरात लोह कमी असले म्हणजे आतडे लोहाच्या शोधात कॅडमियमही अधिक ओढून घेते. चुना कमी असला म्हणजे शिसे अधिक शोषले जाते. पाठोपाठ बाळंतपणे, निकस आहार आणि अंगात रक्त नाही, अशी स्थिती आपल्याही खेड्यांतील बायकांची पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणजे त्याच घरातील, त्याच ताटातील धातू पुरुषापेक्षा स्त्रीच्या शरीरात अधिक मुरतो. या दृष्टीने शेवग्याचा पाला, तीळ, नाचणी, दूध, डाळी व त्यांबरोबर आवळा किंवा लिंबू यांचे मोल फार आहे. येथे आवळा औषध म्हणून नव्हे तर अन्न म्हणून काम करतो. त्यातील आंबट सत्त्वाने वनस्पतींतील लोह अधिक शोषले जाते. रोजच्या जेवणात हे पदार्थ असणे हे तीन तोळे चूर्ण गिळण्यापेक्षा सोपे, स्वस्त आणि अधिक खात्रीचे आहे. पंडुरोग असलेल्या स्त्रीस सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नेमाने द्याव्यात.

शेतात करावयाच्या गोष्टीही कठीण नाहीत. मोरचुदाचे द्रावण प्लॅस्टिकच्या, मातीच्या किंवा लाकडी भांड्यात कालवावे, व ते भांडे पुन्हा पाण्याच्या किंवा पेंडीच्या कामास लावू नये. शंभर लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व १ किलो चुना हे प्रमाण फवाऱ्यासाठी, आणि १० लिटर पाण्यास तितकेच हे प्रमाण बुंध्याच्या लेपासाठी. त्याहून ‘थोडे जास्त’ घालण्यात लाभ नाही. फवारणीनंतर पाऊस पडून गवत धुऊन निघेपर्यंत बागेत मेंढ्या शिरू देऊ नयेत. ज्यांच्या बागांत दरसाल धनगरांचे कळप खतासाठी बसविले जातात त्यांनी फवारणीची तारीख धनगरास आधी सांगावी. गुरांचे खनिज मिश्रण मेंढीस घालू नये. स्फुरदाची मात्रा माती तपासून द्यावी; जमिनीत स्फुरद भरपूर असता सवयीने टाकलेले पोते पैसाही घालविते व कॅडमियमही वाढविते. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबी तपासल्या जातात. त्यांत तांबे आहे, परंतु ते कमी आहे काय एवढ्याच दृष्टीने. शिसे व कॅडमियम तीत नाहीतच. राख पसरलेल्या किंवा सांडपाण्यावर भिजणाऱ्या शेताच्या मालकाने या दोन धातूंची तपासणी स्वतंत्रपणे कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विचारून करून घ्यावी. तोवर अशा जमिनीत पालेभाजी व औषधी मुळ्या न घेता कापूस किंवा फुलझाडे घ्यावीत. औषधी वनस्पतींची लागवड करून विक्री करू इच्छिणाऱ्यांनी रस्ता, नाला व जुना उकिरडा यांपासून दूरची जमीन निवडावी. खरेदीदार आता धातूंचा दाखला मागतात, व तो ज्याच्याकडे असेल त्याच्याच मालाला भाव राहील.

राहता राहिले ते ज्यास मूत्रपिंडाची शंका आहे त्याचे. सकाळी तोंड व डोळ्यांखाली सूज, लघवीस फार फेस, रात्री वारंवार उठावे लागणे, चढता रक्तदाब, यांपैकी काही असेल, किंवा मधुमेह असेल, अथवा पंधरा-वीस वर्षे फवारणीचे काम केलेले असेल, तर रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील आल्ब्युमिन या दोन तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. त्या तालुक्याच्या ठिकाणीही होतात व खर्च फारसा नाही. क्रिएटिनिन वाढलेले आढळल्यास नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा अन्य मूत्रपिंडतज्ज्ञास दाखवावे, आणि जाताना घरात चालू असलेली सर्व चूर्णे, काढे, अर्क व भस्मे त्यांच्या पुड्या-बाटल्यांसह बरोबर न्यावीत, म्हणजे त्यांतील कोणती थांबवावयाची हे डॉक्टरांस तेथल्या तेथे सांगता येईल. शेतात कोणती औषधे फवारली व किती वर्षे, हेही कागदावर लिहून न्यावे. ते बहुधा कोणी आपण होऊन विचारीत नाही.